रिठे, खायचा सोडा आणि 'शून्य खर्चाचं' धुणं: जरा दमानं घ्या

घाटावरचा
सध्या एक पोस्ट फिरतेय, तुमच्याही ग्रुपवर येऊन गेली असेल. "आपल्या आज्या-पणज्या कुठे पावडर वापरायच्या? रिठे उकळा, त्यात खायचा सोडा आणि व्हिनेगर घाला, झालं धुणं. शून्य खर्च, शून्य केमिकल." खाली बदामांचा नुसता पाऊस. माझ्या सख्ख्या मावशीनेही पाठवली, म्हणून सविस्तर लिहितो.

आज्या-पणज्या धुणं दगडावर आपटायच्या हो. मळ निघायचा तो मनगटाच्या जोरावर आणि वाहत्या पाण्यात. पांढरी धोतरं परटाकडे भट्टीला जायची, आणि त्या भट्टीत सोडाच असायचा. सोडा हे केमिकल नाही तर काय पंचामृत आहे? दुसरं म्हणजे खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की फसफसतं, व्हिडिओत छान दिसतं. पण एक अल्कली, एक आम्ल. दोघं एकमेकांना मारून मोकळे होतात. उरतं ते कसलंसं क्षारपाणी, त्याने रुमालसुद्धा निघायचा नाही.

रिठ्याशी माझं वैर नाही. पैठणी, शाल, स्वेटर खुशाल धुवा. पण शाळेच्या टेरीकॉट शर्टाची कॉलर रिठ्याने काढून दाखवा. पॉलिएस्टर तेलकट मळ धरून बसतं. खर्च कमी करायचाय ना? पावडर निम्मी करा, चमचाभर धुण्याचा सोडा घाला, कोमट पाण्यात तासभर भिजवा आणि वाळत घाला कडक उन्हात. फॅब्रिक सॉफ्टनर तर बंदच करा, त्याचा थर बसून टॉवेल पाणी टिपेनासा होतो.

सानपाड्याची
झालं? की अजून प्रवचन बाकी आहे? माझ्या मुलाला एक्झिमा आहे. पावडरचे ब्रँड बदलून बदलून थकले, पाठ लालच. रिठे फोडून, बिया काढून, फडक्याच्या पुरचुंडीत बांधून रात्रभर भिजवते, सकाळी तेच पाणी चोळून घेते. खाज थांबली. तुमचं रसायनशास्त्र तुमच्यापाशी ठेवा. आणि आळंदीला इंद्रायणीवर फेसाचे डोंगर तरंगतात, ते काय रिठ्याचे?

प्रयोगवही
ताई, त्या फेसात शहराचं शुद्ध न केलेलं सांडपाणी आहे आणि कारखान्यांचंही. घरच्या धुण्याचा वाटा आहेच, नाही म्हणत नाही. पण 'नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी' हे कुठून आलं? रिठ्यात फेस येतो तो सॅपोनिनमुळे. हेच सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवर घाला घालतं. रिठे कुटून डोहात टाकून मासे पकडायची जुनी पद्धत आहे, गावाकडच्या कुणालाही विचारा.

मुलाचं म्हणाल, तर बहुतेकदा त्रास पावडरीपेक्षा कपड्यात राहिलेल्या पावडरीचा असतो. जास्त टाकायची, कमी विसळायचं. एकदा जास्तीचं विसळून बघा, मग रिठ्याला श्रेय द्या.

सानपाड्याची
बघितलंय. दोनदा विसळून बघितलंय, तीनदाही. आईला शिकवू नका.

पिंपळगावकर
मूळ प्रश्न पाण्याचा आहे, त्यावर कुणी बोलतच नाहीये. आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकर. पिण्याच्या पाण्याच्या मानकात कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा पर्यायच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्या म्हणतात. आमचं पाणी त्याच्याही पुढे. साबणाची वडी घासली की फेसाऐवजी दह्यासारखं काहीतरी होतं आणि बनियन करडं पडतं. अशा पाण्यात आधी सोडा घालावाच लागतो, तो चुना खाली बसवतो.

अर्थात आमच्याकडे सोडा काय, काहीही दिलं तरी फरक नाही. धुण्याच्या मावशी मूठ मूठ पावडर उधळतात. महिन्याचा पुडा पंधरा दिवसांत संपतो. त्यांना काय, पैसे आपले जातात.

उंबरठा
"त्यांना काय." वा. साहेब, माझी आई वीस वर्षं लोकांची धुणी-भांडी करत होती. मूठ का टाकायची सांगू? कारण मालकीणबाई कॉलर उजेडात धरून बघायच्या, आणि डाग दिसला की पुन्हा धुवायला लावायच्या. एका घरी वेळ किती, तर तासभर, त्यात भांडीही. तासभर भिजवायला तिला कुणी थांबू देत होतं? स्वस्तातल्या पिवळ्या पावडरीने तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या, रात्री खोबरेल लावून बसायची. पुड्याचा हिशेब ठेवता तसा कधी तिच्या हातांचा ठेवला होता कुणी?

पिंपळगावकर
मी कुणाच्या आईबद्दल बोललो नाही. पावडरीबद्दल बोललो. इथे काही बोलायचीच सोय राहिली नाही.

उंबरठा
बोला की. रात्री कपडे तुम्हीच भिजत घालून ठेवा, मावशी सकाळी नुसते चुबकतील. बादलीत पावडर तुमच्या हाताने मोजून टाका. पुडा महिनाभर पुरेल.

भिंगरी
+१. आणि ती रिठ्याची पोस्ट लिहिणाऱ्या दादांनाही विचारा, रिठे फोडतं कोण, उकळतं कोण, गाळतं कोण? 'शून्य खर्च' यात बायकोचा वेळ धरलेला नाही. आमच्या ह्यांनी उत्साहाने दोन किलो आणले. डब्यात आहेत, भुंगे लागलेत.

सानपाड्याची
माझ्या घरी नवरा फोडतो. सगळ्यांना एका मापाने मोजू नका.

भिंगरी
भाग्यवान आहात. फोटो टाका, रिठ्यांचा नव्हे, नवऱ्याचा.

प्रयोगवही
स्वस्त धुणं या देशात रिठ्याने नाही आणलं, हेही लक्षात असू द्या. 1969 साली अहमदाबादेत निरमावाले करसनभाई पटेल सायकलवरून पावडर विकायला लागले ती 3 रुपये किलोने. नामांकित पावडर तेव्हा त्याच्या कितीतरी पट महाग होती. गरिबाच्या घरी पांढरा शर्ट तिथून आला.

सानपाड्याची
आणि आज 'पांढऱ्याहून पांढरं' म्हणत जे विकतात? ती पावडर नुसता मळ काढत नाही, कपड्यावर चमकही चढवते. उन्हातले न दिसणारे किरण घेऊन निळसर उजेड फेकणारा रंग असतो तो. डिस्कोच्या जांभळ्या दिव्याखाली शर्ट का चमकतो, सांगा ना गुर्जी.

प्रयोगवही
बरोबर आहे. मान्य. आमची नीळही डोळ्यांना असंच फसवायची, तेव्हा मात्र कुणी तक्रार केली नाही.

घाटावरचा
धागा माझा, भांडण भलत्यांचंच. असो. सानपाड्याच्या ताई, अंगाला लागणारे सुती कपडे रिठ्याने धुता आणि खाज थांबते, तर धुवा. त्यात व्हिनेगर ओतू नका एवढंच. सोडा लोकरीला, रेशमाला लावू नका हे लिहायचं राहिलं, कुणीतरी शाल खराब करून माझ्या नावाने बोटं मोडेल.

सानपाड्याची
व्हिनेगर मी कधीच घातलं नव्हतं. तुम्ही न वाचता उत्तर देता, तेवढं सोडलं तर बरं लिहिता.

नवखा_पुणे
सगळा धागा वाचला. किराणा दुकानात सोडा मागितला तर खायच्या सोड्याचं पाकीट हातात दिलं. नक्की काय म्हणून मागायचा?

पिंपळगावकर
'कपड्यांचा सोडा' म्हणा. जुन्या पेठेतल्या दुकानात सुटा मिळतो, जाडसर पांढरी पूड. ओल्या हाताने घेऊ नका, चरचरतं. आणि ॲल्युमिनियमच्या पातेल्यात भिजवू नका, काळं पडतं.

उंबरठा
आणि मावशींना दिलात तर हातमोजेही आणून द्या, पिंपळगावकर.

पिंपळगावकर
आणतो. झालं समाधान?

उंबरठा
त्यांच्या मापाचे आणा.