मदत हवी आहे: दोन लहान मुलांसह १२० दिवस युरोप

मुलगी ५ वर्षांची, मुलगा पावणेदोन वर्षांचा, वजन १२ किलो. चौघांचेही भारतीय पासपोर्ट. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये ९० दिवस, मग उरलेले ३० क्रोएशियात काढायचा बेत आहे. चालेल का? मुलांचं औषध-खाणं इथून किती न्यावं?

प्रतिसाद १
क्रोएशिया आत्ताच खोडा. १ जानेवारी २०२३ पासून तो शेंगेनमध्ये आहे, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात; स्पेन-पोर्तुगालही त्यातच. जास्तीचे दिवस रोमानिया-बल्गेरियात काढायची पळवाटही ३१ मार्च २०२४ पासून बंद. सगळ्या शेंगेन देशांत मिळून कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, त्यात उतरल्याचा आणि निघाल्याचा दोन्ही दिवस धरतात.

त्याऐवजी शेंगेनबाहेरचा अल्बानिया बघा. आधी शेंगेन देशात वापरलेला, अजून वैध असलेला मल्टिपल एंट्री (अनेकदा आत येऊ देणारा) शेंगेन व्हिसा असेल तर भारतीयांना तिथे वेगळा व्हिसा लागत नाही. पण ते ३० दिवस शेवटी ठेवलेत तर फसाल, कारण तोवर शेंगेन व्हिसाचीच मुदत संपलेली असू शकते. मधे घाला: ४५ दिवस स्पेन, ३० अल्बानिया, ४५ पोर्तुगाल. अर्जात दोन्ही प्रवेशांच्या तारखा दाखवून मल्टिपल एंट्री मागा. व्हिसाचा स्टिकर हातात पडला की मुदतीच्या तारखा आणि मुक्कामाचे दिवस हे दोन रकाने वेगवेगळे वाचा, चारही पासपोर्टांवर. एकाच मुलाला सिंगल एंट्री आली तरी सगळ्यांचा बेत बारगळतो.

६ वर्षांखाली व्हिसा फी नाही, १२ खाली बोटांचे ठसे नाहीत. विमा मात्र प्रत्येकी किमान ३०,००० युरोचा. मुलांचे पासपोर्ट पाचच वर्षांचे असतात. शेंगेनमधून शेवटचं निघाल्यानंतर तीन महिने तरी मुदत उरायला हवी.

प्रतिसाद २
औषधाबद्दल. पॅरासिटामॉल तिथे कुठल्याही फार्मसीत मिळतं, पण ताकद बघा. आपल्याकडचं साधं सिरप ५ मिलीत १२० मिग्रॅ. स्पेनमधलं लहान मुलांचं द्रावण १ मिलीतच १०० मिग्रॅ! किलोला १५ मिग्रॅ या हिशेबाने १२ किलोला १८० मिग्रॅ, म्हणजे आपलं सिरप साडेसात मिली आणि तिथलं फक्त १.८ मिली. रात्री तापात सवयीने साडेसात मिली पाजलं तर चौपट डोस, थेट यकृतावर. म्हणून डॉक्टरांकडून डोस मिलीग्रॅममध्ये लिहून घ्या आणि तिथल्या बाटलीसोबत आलेली सिरिंजच वापरा, घरच्या बाटलीची मापाची टोपी नको.

मूळ प्रश्नकर्ती
बापरे, हे माहीतच नव्हतं. बेत बदलते. आईने घरचं तूप बांधून ठेवलंय, ते चालेल ना?

प्रतिसाद ३
नाही. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, खवा सगळं कस्टमला जाईल. सूट आहे ती बाळाच्या दूध पावडरीला आणि बेबी फूडला, माणशी २ किलोपर्यंत: ब्रँडचं पॅकिंग, फोडण्याआधी फ्रिज न लागणारं, आणि डबा सीलबंद किंवा सध्या वापरात असलेला. ताजा कढीपत्ताही नको. मेतकूट, नाचणी सत्त्व, भाजणी खुशाल न्या, फक्त पुडीवर नाव लिहा. बिननावाची पांढरी पूड बॅगेत दिसली की उलटतपासणी ठरलेली. तुपाला तिथलं अनसॉल्टेड बटर कढवा, पाव किलोला वीसेक मिनिटं मंद आचेवर, बेरी तांबूस झाली की उतरवा.