नग्गरला लेकीच्या बाळंतपणाला जायचंय : हायब्रिड घेऊ की ऑलग्रिप?

मंगळवारपेठेतली_काकू

नमस्कार मंडळी. वय ५४, कोल्हापुरात मंगळवार पेठेत घर, कांदा-लसूण चटणीचा घरचा व्यवसाय. गाडी मी स्वतः चालवते. चटणीचे डबे घेऊन गगनबावडा, वैभववाडी, कणकवली अशी महिन्याला चार फेऱ्या ठरलेल्या. करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद होता तेव्हा भुईबावड्यानं गेले, भर पावसात, धुक्यात. त्यामुळं घाटाची भीती नाही. जुनी डिझेल गाडी दोन लाख दहा हजार किलोमीटर पळालीय, क्लच जड झालाय आणि माझा डावा गुडघा आता क्लच झेपत नाही म्हणतोय. गाडी बदलायचीच आहे, आणि ऑटोमॅटिकच घ्यायची आहे.

खरी काळजी वेगळी आहे. थोरली लेक हिमाचलात नग्गरला दिलीय. सासरची सफरचंदाची बाग, घर नग्गरच्या वरच्या अंगाला, डांबरी मोठा रस्ता सोडून साडेतीन किलोमीटर खडा चढ. तिला फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिलीय. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी एवढा प्रवास नको म्हणून सांगितलं. मग मीच माहेर उचलून तिकडं न्यायचं ठरवलं. डिंक, अळीव, खारीक, बाळंतविडा, माझ्या आईचा सागवानी पाळणा, सगळं गाडीत घालून जानेवारीत निघायचं. दोन हजार किलोमीटरच्या वर अंतर आहे. धाकटी लेक आणि मी आलटून पालटून चालवणार, चार-पाच दिवस लागू देत.

गेल्या जानेवारीत तिकडं होते तेव्हाचं सांगते. जावयांच्या चुलत भावाच्या गाडीत बसून त्याच चढानं घरी चाललो होतो. सकाळचे साडेआठ असतील. देवदारांच्या सावलीत एक वळण आहे, तिथं गाडी थांबली आणि मागं सरकायला लागली. त्यानं ब्रेक दाबून धरलेला, चाकं फिरत नव्हती, तरी गाडी चाललीच होती. आवाज कसला नाही, धक्का नाही, काचेतून फक्त बांध सरकताना दिसत होता. खाली बागेतल्या उघड्या फांद्या. शेवटी मागचा बंपर दगडी बांधाला टेकला आणि थांबलो. त्या जागेवरून मला पोटुशी लेक दवाखान्यात न्यायची आहे, हे डोक्यातून जात नाही.

बजेट रस्त्यावर येईपर्यंत २२ लाख. हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेली गाडी हवी, कारण चटणीच्या धंद्यात पेट्रोल परवडलं पाहिजे. आणि चारही चाकांना ताकद हवी. एका शोरूममध्ये म्हणाले दोन्ही एकाच गाडीत मिळतं. दुसरीकडं म्हणाले मिळत नाही. खरं काय?

उद्यमनगर_वायरमन

काकू, दोघंही आपापल्या परीनं बरोबर बोलले, घोळ 'हायब्रिड' या एका शब्दाचा आहे. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या दोन्ही गाड्या २०२२ ला आल्या, आतून जवळपास एकच. त्यांत दोन वेगळी इंजिनं आहेत.

एक माइल्ड हायब्रिड : दीड लिटर, चार सिलिंडर, ताकद १०३ पीएस. यात छोटी मोटर इंजिनाला थोडा हात देते, गाडी एकटीनं ओढू शकत नाही. ऑलग्रिप म्हणजे चारही चाकांची ओढ यालाच मिळते. आधी ती मॅन्युअलमध्येच होती, २०२५ पासून सहा गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये मिळते. तुमच्या गुडघ्याचा प्रश्न तिथं सुटला.

दुसरं स्ट्राँग हायब्रिड : तीन सिलिंडर आणि मोठी मोटर, दोन्ही मिळून ११६ पीएस. कागदावर लिटरला २७.९७ किलोमीटर. कमी वेगात गाडी नुसत्या बॅटरीवर चालते, बिंदू चौकात इंजिन बंदच असतं म्हणा ना. पण ओढ फक्त पुढच्या दोन चाकांना. मारुतीच्या नव्या व्हिक्टोरिसमध्येही हीच वाटणी आहे.

बाहेरच्या देशांत स्ट्राँग हायब्रिडच्या मागच्या आसाला वेगळी मोटर लावतात, मधला लांब शाफ्टच नसतो. पुढचं चाक घसरलं की मागची मोटर ओढते. आपल्याकडं ते तंत्र लेक्सस एनएक्स किंवा व्हेलफायरमध्ये दिसतं, म्हणजे तुमच्या बजेटच्या कितीतरी पट. २२ लाखांत दोन्हीतलं एक सोडावं लागणार.

गगनबावडा_रोज

माझ्याकडं हायरायडर स्ट्राँग हायब्रिड आहे. कोल्हापूर-गगनबावडा नोकरीसाठी ये-जा, एका बाजूनं ५५ किलोमीटर. टाकी ते टाकी बावीस-तेवीस पडतं, पावसाळ्यात एखादा कमी. पैसे वाचतात यात वाद नाही काकू.

पण घाटातली एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत म्हणून सांगतो. उतारावर ब्रेक दाबला की मोटर जनरेटरचं काम करून बॅटरी भरते, ते छान. बॅटरी मात्र छोटीशी, एक युनिटसुद्धा नाही. करूळ उतरताना अर्ध्यातच ती भरते, आणि भरली की मोटरचा तो अडसर कमी होतो. पहिल्या वेळी मला वाटलं ब्रेकच गेला. तेव्हा गिअरचा लिव्हर 'बी'वर ओढायचा, इंजिन घुमायला लागतं आणि गाडी आवरते. आवाज मोठा येतो, घाबरायचं नाही. हे अंगवळणी पडायला मला दोन महिने लागले.

दुसरं, बॅटरी डिकीत असल्यानं डिकी उथळ आहे. तुमचे डबे नेऊन घालून बघाच.

थंडीत हिचा फायदा किती उरेल हेही बघा. हीटरला इंजिनाची ऊब लागते, म्हणजे उभ्या गाडीत हीटर लावला तरी इंजिन चालू होणार.

मंगळवारपेठेतली_काकू

दोघांनीही किती समजावून सांगितलंत. वायरमन, चढावर ताकदीचं काय? तिकडं हवा विरळ.

उद्यमनगर_वायरमन

साधं इंजिन हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावतं. लेकीचं घर साडेसहा-सात हजार फुटांवर असेल तर म्हणजे दोन हजार मीटर. १०३ चे ऐंशी-बयाऐंशी उरले असं धरा. मोटरला हवेचं घेणंदेणं नाही, म्हणून स्ट्राँग हायब्रिड सुरुवातीला तरतरीत वाटेल, पण लांब चढावर बॅटरी रिकामी होते आणि मग सगळं इंजिनावर येतं. साडेतीन किलोमीटरला दोन्ही पुरतील. भरलेली गाडी असली तरी.

निवृत्त_हवालदार_गडहिंग्लज

ताई, मी फौजेत ड्रायव्हर होतो. झोजिला, द्रास, तिकडचे बरेच हिवाळे गाडीवर काढले. गाडीच्या किमतीचं मला कळत नाही, बर्फाचं कळतं तेवढं सांगतो.

तुमच्या त्या वळणावर जे झालं ते चढ चढायला ताकद कमी पडली म्हणून झालं नाही. तुम्हीच लिहिलंय, चाकं थांबलेली होती. ब्रेक तर कुठल्याही गाडीचा चारही चाकांना असतो. चार चाकं ओढणारी गाडी निघायला मदत करते, चढायला मदत करते. थांबायला तिचा काडीचा उपयोग नाही. उलट होतं काय, ती गाडी सहज चढते, माणसाला वाटतं रस्ता बरा आहे, आणि उतरताना कळतं की बरा नव्हता. मी घसरून गेलेल्या गाड्या पाहिल्या त्यांतल्या किती तरी फोर बाय फोर होत्या.

देवदाराखाली सकाळी जे असतं त्याला तिकडं 'पाला' म्हणतात. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठतं, काचेसारखा पापुद्रा होतो, खालचं डांबर काळंच दिसतं. ताजा बर्फ परवडला, त्यात टायर रुततो. पाल्यावर काहीच रुतत नाही. म्हणून पहिला नियम : ऊन त्या वळणावर पोचल्याशिवाय गाडी काढायची नाही. दहा-साडेदहा वाजू देत. संध्याकाळी चारच्या आत घरी.

दुसरं, बर्फात टायरवर चढवायची चेन. लोखंडी चेन चाकाच्या मापाची घ्या, गाडीच्या पुस्तकात कुठल्या चाकांना लावायची ते लिहिलेलं असतं, बहुधा पुढच्याच. चेन लावून तीस-चाळीसच्या वर जायचं नाही, आणि बर्फ संपला की लगेच काढायची. लावायला तिकडं जाऊन शिकू नका. बोटं गोठलेली असताना हुक लागत नाही, डोळ्यांत पाणी येतं. इथं घरासमोर, हातमोजे घालून, दहा वेळा लावा आणि काढा.

गाडीत फावडं आणि चुलीची राख ठेवा, पोतंभर. तिकडच्या घरात तंदूर पेटलेला असतो, राख आयती मिळते. वळणावर दोन मुठी राख टाकली तर तुमच्या लाखाच्या यंत्रापेक्षा जास्त काम करते. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, केबल गोठली की सकाळी सुटत नाही. गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर 'पी'वर, आणि चाकाला दगड.

आता मोठ्या भावाच्या नात्यानं बोलतो, राग मानू नका. कळा सुरू झाल्यावर त्या चढावरून लेकीला उतरवायचा विचारच काढून टाका. कळा ऊन बघून येत नाहीत. तारखेच्या पंधरा दिवस आधी कुल्लूत दवाखान्याजवळ खोली घ्या आणि तिला खाली आणून ठेवा. दिवसा, उन्हात, हळू. मग गाडी कुठलीही असली तरी चालेल.

जयसिंगपूर_टायर

हवालदारसाहेबांशी शंभर टक्के सहमत, फक्त टायरचं राहिलं. आपल्याकडच्या गाडीचं रबर उन्हाळ्यासाठी असतं, सात अंशांच्या खाली ते कडक होतं आणि पकड जाते. मागवताना बाजूवर डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह आहे का बघा. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं असेल तर ती कंपनीनं आपली आपण लावलेली ओळख, चाचणीची खात्री नाही. हायरायडर किंवा विटाराचं माप २१५/६० आर १७. कोल्हापुरात चटकन मिळणार नाही, महिना आधी मागवून ठेवा. आणि चारही बदलायचे. पुढचे दोनच बदलले तर वळणावर मागचा भाग सुटतो.

हवेचं लक्षात ठेवा काकू. साधारण साडेपाच अंश तापमान उतरलं की टायरमधला दाब एक पीएसआय कमी होतो. कोल्हापुरात तीस अंशांत ३३ भरून निघालात, नग्गरला पहाटे उणे तीन असेल तर सहा पीएसआय गायब. तिथं पोचल्यावर सकाळी थंड टायरमध्ये परत भरा.

गगनबावडा_रोज

आणखी एक. जोरात बर्फ पडला की मनालीच्या वर पोलीस कित्येकदा फक्त फोर बाय फोर सोडतात. अटल बोगदा बघायचा असेल तर तेव्हा माझी गाडी परत फिरवतील, ऑलग्रिपवाल्याला वाट मिळेल. तुमचं काम नग्गरलाच आहे, त्यामुळं हा मुद्दा शेवटचा धरा.

मंगळवारपेठेतली_काकू

हवालदार भाऊ, राग कसला. तुमचं वाचून मी उठून देवापुढं दिवा लावला. इतके दिवस मी गाडीच बघत होते, लेकीला आधी खाली आणायचं हे मला सुचलंच नव्हतं. जावयांना फोन केला. त्यांच्या घरी दोन दिवस चर्चा झाली, सासूबाईंना आधी पटेना, घरची सून भाड्याच्या खोलीत कशी ठेवायची म्हणून. मग त्याच म्हणाल्या मीही येते. कुल्लूत ढालपूरला खोली बघितलीय, दवाखाना चालत दहा मिनिटं, सकाळी ऊन येतं.

गाडीचं सांगते. पंधरा किलोचे पत्र्याचे चार रिकामे डबे घेऊन शोरूमला गेले. विक्रेत्याला वाटलं मी काहीतरी विकायला आले. स्ट्राँग हायब्रिडच्या डिकीत डबे उभे ठेवले की वरचा ट्रे बसेना, आडवे ठेवले तर तेल गळणार. ऑलग्रिपच्या डिकीत चारही उभे बसले, वर पाळण्याच्या दांड्यांना जागा उरली. पेट्रोल जास्त जाणार हे मान्य. कागदावर ऑलग्रिपचं लिटरला १९ च्या आसपास आणि हातात त्याहून कमी, म्हणजे कणकवलीला एका बाजूनं दोन-अडीचशे रुपये जास्त. पण लेक तिकडं आहे तोवर दर हिवाळ्याला मी जाणार, नातवंडाचा पहिला वाढदिवससुद्धा फेब्रुवारीतच येणार. आणि पावसाळ्यात भुईबावड्याच्या शेवाळलेल्या वळणांवर चार चाकांची ओढ मला रोजच्या कामाला येईल. ऑलग्रिप ऑटोमॅटिक बुक केली. टायर जयसिंगपूरच्या भाऊंनी सांगितलेल्या चिन्हाचेच मागवलेत.

चेन आणली. काल संध्याकाळी गाडी येण्याआधीच, शेजारच्यांच्या तशाच गाडीला, त्यांची परवानगी घेऊन, गल्लीत लावून बघितली. हातमोजे घालून. धाकटी मोबाइलवर वेळ धरून उभी होती. पहिल्या वेळी ५० मिनिटं लागली आणि आतल्या बाजूचा हुक उलटा बसला. तिसऱ्या वेळी २२. गल्लीतली पोरं जमली होती, एकानं विचारलं काकू, कोल्हापुरात बर्फ पडणार हाय का. म्हटलं, आजी व्हायचीय बाळा, आधी ही चेन धर.

हवालदार भाऊ, आतला हुक आधी लावायचा की बाहेरचा?

निवृत्त_हवालदार_गडहिंग्लज

आतला आधी, ताई. बाहेरचा ताणून शेवटी. पन्नास-शंभर मीटर चालवून उतरा आणि परत ताणा, पहिल्यांदा ती ढिली पडतेच. २२ मिनिटं चांगली आहेत. जानेवारीपर्यंत १० वर आणा.