मदत हवी आहे: कॉलेजात समान संधी केंद्र चालवताना

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यातल्या एका कॉलेजात शिकवते. जूनपासून समान संधी केंद्राची, म्हणजे जात वगैरेंवरून होणाऱ्या भेदभावाच्या तक्रारी बघणाऱ्या केंद्राची, जबाबदारी माझ्याकडे आलीय. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१२च्या नियमांत असं केंद्र आणि भेदभावविरोधी अधिकारी दोन्ही सांगितलेत. आमच्याकडे मात्र जिन्याखाली एक तक्रारपेटी होती, तीही रिकामी.

परवा पहिल्या वर्षाची एक मुलगी आली. ऑफिसच्या खिडकीतून क्लार्क सगळ्यांदेखत ओरडतात, "स्कॉलरशिपवाले बाजूला थांबा!" तेव्हापासून वर्गातल्या मुली तिला आडनावावरून टोमणे मारतात. सांगताना ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. लेखी द्या म्हटलं, तर "नको मॅडम, प्रॅक्टिकलचे मार्क इथल्याच सर-मॅडमच्या हातात असतात."

खिडकीवरचं ओरडणं मी दुसऱ्याच दिवशी बंद करवलं. पण पुढे काय? ज्या गावात कर्मवीर अण्णांनी (भाऊराव पाटलांनी) सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवायला बसवली, तिथे आज हे ऐकताना जीव तुटतो.

कोणी असं केंद्र खरंच चालवलंय का? नाव न फोडता तक्रार कशी नोंदवून घेता? आणि सहकारी प्राध्यापकांना, ते दुखावून गप्प बसणार नाहीत अशा बेताने, यात कसं ओढायचं? सांगली-कराडकडच्या कोणाचा अनुभव असेल तर मी येऊन भेटेन.