हॉलला मराठीत काय म्हणावं? (चूल मधोमध असलेला हॉल)

रानजाई
एका शब्दावर अडले आहे. इंग्लंडात ससेक्समधल्या सिंगलटनला जुनी ग्रामीण घरं सोडवून आणून पुन्हा उभी केलेलं संग्रहालय आहे. तिथल्या 'बे-लीफ' नावाच्या शेतकऱ्याच्या घरावर लेख लिहितेय. घर मूळचं केंटमधलं, 15व्या शतकाच्या सुरुवातीचं, ओकच्या लाकडी सांगाड्याचं. बाउ बीच जलाशयात जाणार होतं म्हणून 1960च्या दशकाच्या शेवटी उतरवून आणलं.

त्यातल्या मुख्य भागाला मी 'दिवाणखाना' लिहिलं. मैत्रीण म्हणाली, "दिवाणखान्यात चूल कशी?" तिचं बरोबर आहे. जमिनीवर मधोमध विस्तव, वर माळा नाही, धुराडं नाही. धूर थेट छपरात. वासे काळेभोर झालेत. आत पाऊल टाकलं आणि डोळे चुरचुरले, आजीचं घर आठवलं. शब्द सुचवा.

दुपाखी
माजघर! मधलं घर ते माजघर. या हॉलच्याही एका बाजूला कोठीच्या खोल्या आणि दुसऱ्या बाजूला मालकाची खाजगी खोली असते ना?

रानजाई
हो. पण परका माणूस आपल्या माजघरात येत नसे. इथे बाहेरचं दार हॉलच्याच टोकाशी उघडतं, आणि पाहुणाही मालकाच्या मेजाशी इथेच बसे.

पंतोजी
'शाला' असताना शोधता कशाला? एकशाला, चतुःशाला हे आपले वास्तुशास्त्रातले शब्द. शिवाय 'हॉल' आणि 'शाला' एकाच प्राचीन धातूपासून आलेले मानले जातात, 'झाकणे' या अर्थाच्या. 'धूम्रशाला' करा.

तुळई
पंतोजी, धूम्रशाला वाचून लोकांना विडी ओढायची खोली वाटेल. सुताराच्या तोंडचे शब्द घ्या. रानजाई, घराच्या भागांना काय लिहिलंत? 'बे'ला खण लिहिलंत का? दोन खांबांच्या ओळींमधली जागा म्हणजे खण. आमचा वाडा सातखणी होता, आणि तेही लोक घर खणांवरच मोजत.

दुपाखी
खण चालणार नाही. आमच्याकडे एक खण जेमतेम 5 फुटांचा. त्यांचा 'बे' 15-16 फुटांपर्यंत जातो. वाचक 'चार खणांचं घर' वाचून खोपटं समजेल.

तुळई
माप वेगळं म्हणून शब्द वेगळा? कोस तरी सगळीकडे सारखा होता का? पण एक सांगायला हवं, 'आढं', म्हणजे छपराच्या माथ्यावरचं लांब आडवं लाकूड, मात्र लिहू नका. केंटमधल्या अशा जुन्या घरांच्या छपराला आढंच नसतं. वाशांच्या जोड्या वर एकमेकांत गुंतवलेल्या असतात. तुळईवर मधोमध एक खांब, त्याच्या डोक्यावरून घराच्या लांबीने जाणारी दांडी, आणि वाशांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या त्या दांडीवर टेकलेल्या.

कारवी
भिंतींबद्दल कुणीच बोललं नाही. तो कूड आहे! ओकच्या उभ्या काठ्या, त्यांत हेझलच्या फांद्या विणलेल्या, वर माती, शेण आणि चिरलेला पेंढा. आमच्याकडे हेझलच्या जागी कारवी, बाकी तेच. कूड लिंपताना आई हाताची चार बोटं जुळवून अर्धगोल फिरवायची, वाळल्यावर भिंतीवर त्या कमानी उमटलेल्या दिसायच्या. 'मातीचा गिलावा केलेली काठ्यांची भिंत' असं पाच शब्दांत लिहू नका हो, जीव तुटतो.

रानजाई
कारवी, 'कूड' घेतला! मी खरंच पाच शब्द लिहिले होते.

पंतोजी
शहरातल्या वाचकाला कूड कळणार नाही.

कारवी
वाचेल तेव्हा कळेल. आपण लिहिणंच सोडलं तर कळायचं कुठून?

दुपाखी
खिडक्यांना काचा नव्हत्या, फक्त उभे गज आणि झडपा. म्हणजे झरोकेच. 'विंडो' शब्द जुन्या नॉर्स भाषेतल्या 'वाऱ्याचा डोळा' या जोडशब्दातून आलाय. आपला 'गवाक्ष' म्हणजे बैलाचा डोळा, आणि 'वातायन' म्हणजे वारा येण्याची वाट!

तुळई
वा! आणि 'वासे मोजणं' आपल्याकडे कृतघ्नपणाचं, तिथे सुताराचं रोजचं काम. लाकडं अंगणात मांडून सांधे कापायचे, प्रत्येकावर रोमन आकडा कोरायचा, मग सोडवून जागेवर उभं करायचं. पटाशीने वळण काढता येत नाही, म्हणून सगळ्या सरळ रेघा. चाराला पुष्कळदा चार उभ्या.

रानजाई
आणखी एक. कोठीच्या दोन खोल्यांपैकी एक 'बटरी'. मी 'लोण्याची खोली' लिहून बसले होते! शब्द पिपांवरून आलाय, तिथे पेयं ठेवत. शेजारची 'पँट्री' पावाची.

पंतोजी
आबदारखाना.

तुळई
तो राजवाड्यात, पंतोजी. आणि फारसी शब्द तुम्हाला कधीपासून चालायला लागले?

पंतोजी
चारशे वर्षं मराठीत राहिलेला शब्द मराठीच. 'हॉल'ला मात्र माझा विरोध कायम.

कारवी
शेतकऱ्याच्या घरात कोठी म्हणा, 'पिपांची कोठी'.

रानजाई
कोठी घेते. हॉलचं अजून ठरत नाही. 'माजघर' लिहून पाहिलं, तर लेखातला पाहुणा दारातच थबकतो. 'ओसरी' केली, तर चूल बाहेर येते.

दुपाखी
आमच्या गावी धनगरवाड्यात एकखोली घर असायचं, मधे चूल. त्याला नुसतं 'घर' म्हणत. "घरात ये" म्हणजे चुलीपाशी ये. कुणाकडे यासाठी वेगळा शब्द आहे का?