साई म्हणजे त्रिशूळ नव्हे

माळरान:
तीन दिवसांत चार गटांवर तीच पोस्ट आली, म्हणून सविस्तर लिहिते. पोस्टचं म्हणणं असं: बोधिधर्म हा आपला बौद्ध भिक्खू चीनला गेला, आपली युद्धकला सोबत नेली, तिथून ती जपानच्या ओकिनावा बेटावर पोचली, म्हणून तिथली तीन टोकांची साई हा आपला त्रिशूळ, कामा हा आपला विळा आणि दोरीने किंवा साखळीने जोडलेल्या दोन दांड्यांचं नुनचाकू ही आपल्या खळ्यावरची काठी.

मी अकरा वर्षं साई आणि कामा हातात धरतेय. साईला धार नसते. ती बोथट सळई आहे, बाजूचे दोन काटे समोरच्याची काठी अडकवायला. ओकिनावात पोलीस ती वापरायचे. त्रिशूळ लांब दांड्याचा, भोसकायचा. तीन टोकं दिसली की लगेच नातं जुळवायचं? कामाचं पातं दांड्याला काटकोनात बसवलेलं असतं, आपल्या विळ्यासारखं गोल वळलेलं नसतं. आणि खळ्यावरची काठी कुठली? आपल्याकडे मळणी तिवड्याभोवती बैलांची पात फिरवून व्हायची.

शेतकऱ्याच्या हाताशी जे असतं तेच तो उगारतो. इंग्लंडात कुंपण छाटायच्या कोयत्याला लांब दांडा लावून पायदळाचं हत्यार झालं. बोहेमियात (आजच्या चेकियात) १४२० च्या दशकात हुसाइट, म्हणजे धर्मसुधारक यान हुसचे अनुयायी, शेतकरी मळणीचे झोडपे घेऊन चिलखती स्वारांशी लढले. त्यांनी ते ना चीनकडून घेतलं, ना आपल्याकडून. बोधिधर्माला व्यायामाशी जोडणारा ‘यीजिन जिंग’ ग्रंथ १६२४ चा, म्हणजे त्याच्यानंतर हजारेक वर्षांनी आलेला.

खरी देवाणघेवाण झाली तिथे पुरावा सापडतो. फिरंग तलवार बघा: पातं युरोपचं, मूठ इथली. लेझीम बघा, ती तर इराणच्या तालमीतली.

पेठेतला पट्टा:
ताई, साईचं राहू द्या, ते तुम्हाला जास्त कळतं. पण लेझीम इराणची? दर वेळी आपलंच का कुणाला तरी देऊन टाकायचं? माझे आजोबा कोल्हापुरात पट्टा शिकवायचे. खोबळ्यात, म्हणजे हात झाकणाऱ्या पोलादी मुठीत, हात गेला की मनगट हलत नाही, सगळा फेर कोपर आणि खांद्यातून. माझ्या तळहातावर लिंबू ठेवून त्यांनी ते पट्ट्याने कापलंय, मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. असली विद्या आम्ही घरचं खाऊन टिकवली. खेलो इंडियात गटका, कलरीपयट्टू, थांग-ता, मल्लखांब घेतले. मर्दानी खेळ कुठाय? २०२४ ला दांडपट्टा राज्यशस्त्र जाहीर झाला, पण आमच्या पोरांना अजून तालमीत सरावाला लाइट नाही. आणि इथे आमची लेझीम इराणला चालली.

विट्याचंही सांगा. भाल्याला दोरी, दोरी मनगटाला, फेकला की परत हातात. चीनमध्येही दोरीचं हत्यार आहे. हा योगायोग?

ओसरी:
लेझमीबद्दल माळरान यांचं बरोबर आहे. शब्द फारसी. लेझम म्हणजे सरावाचं हलकं धनुष्य. इराणच्या झूरखान्यात, म्हणजे तिथल्या तालमीत, आजही ‘कब्बादे’ नावाचं लोखंडी धनुष्य डोक्यावर धरून डावी-उजवीकडे हलवतात. दोरीच्या जागी साखळी, साखळीत चकत्या. आपली लाकडी दांड्याची लेझीम समोर धरा आणि तुम्हीच सांगा.

पेठेतला पट्टा:
शब्द फारसी म्हणून वस्तू फारसी? मग वकील, दुकान, बाजार हेही परत करा. शिवाय धनुष्य तर आपल्याकडे रामायणापासून आहे!

नाचणी:
तुम्ही दोघं मुळावरून भांडताय आणि लेझीम डोळ्यांदेखत चाललीय. आमच्या गावात गणपतीला साठ मुलींचं पथक होतं. पावलं चुकली की बाई पुन्हा पहिल्यापासून करायला लावायच्या. सरावाने हाताला घट्टे पडायचे. गेल्या वर्षी तीन ट्रॉलींवर डीजे होता आणि आमच्या लेझमी शाळेच्या कोठीत गंज खात होत्या. मी मुख्याध्यापकांकडे मागायला गेले तर चावी हरवल्याचं सांगितलं.

पेठेतला पट्टा:
हे मात्र शंभर टक्के. डीजेपुढे हलगीवाल्याला कोण विचारतो?

ओसरी:
मूळ सांगणं म्हणजे परत करणं नव्हे. इराणात लेझमीवर ढोल-हलगी वाजते का? पावलं, बैठका, मिरवणूक हे आपलंच. मी बावीस वर्षं शाळेत शिकवली आहे, मला लेझमीचा शत्रू ठरवू नका.

पेठेतला पट्टा:
शत्रू म्हणालो नाही. पण तुमच्यासारखी शिकलेली माणसं पहिलं वाक्य ‘हे आपलं नाही’ असंच म्हणतात, त्याचा राग येतो. आपलं बाहेर कधी काही गेलंच नाही का?

माळरान:
गेलं, आणि त्याचा पुरावा आहे. मुद्गल, म्हणजे व्यायामाला फिरवायचा लाकडी सोटा. इथल्या तालमीतला हा प्रकार ब्रिटिशांनी पाहिला आणि तो ‘इंडियन क्लब’ या नावाने युरोप-अमेरिकेत पसरला. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये त्याची स्पर्धा झाली. हे अभिमानाने सांगा, मीही सांगते. विट्याचं म्हणाल तर फेकलेलं हत्यार परत हवं असलं की माणूस दोरी बांधतोच, देवमासा मारणारेही भाल्याला बांधायचे. दोरी सारखी आहे एवढ्यावर चीनशी नातं मी लावणार नाही, ना त्यांच्या बाजूने ना आपल्या.

आणि एक. पट्ट्याची खोबळ्याची मूठ इथली, त्यावर माझा वाद नाहीच. पातं मात्र अनेक पट्ट्यांचं युरोपातून आलेलं होतं. तुमच्या आजोबांच्या पट्ट्याचं पातं बघा, काही खूण आहे का.

पेठेतला पट्टा:
खंडेनवमीशिवाय तो खाली काढत नाही. आज काढला. तेल लावून पुसल्यावर मुठीपासून वीतभर वर दोन चंद्रकोरी दिसल्या, समोरासमोर, आतल्या बाजूने दातेरी. इतकी वर्षं मी त्याला गंज समजत होतो.

माळरान:
ती जेनोआची खूण, इटलीतली. पण ती इतकी नावाजलेली होती की जर्मन कारागीरही मारायचे आणि आपले लोहारही. नुसत्या खुणेवरून पातं तिकडचं, असं मी म्हणणार नाही.

पेठेतला पट्टा:
म्हणजे आपल्या लोहाराचंही असू शकतं.

माळरान:
असू शकतं.

पेठेतला पट्टा:
बरं. त्या इराणी धनुष्याचा फोटो असला तर टाका. वस्तादांना दाखवतो. ते काय म्हणतील ते इथे लिहीन, शिव्या वगळून.