रोड सायकलिंगसाठी हेल्मेट: बेताच्या खर्चात निवड कशी करावी? (मदत हवी आहे)

नमस्कार.

गेले दीड वर्ष मी रोड सायकल चालवते आहे. आठवड्यातून तीन दिवस पहाटे पंचवीस-तीस किलोमीटर आणि सुट्टीच्या दिवशी साठ-सत्तर किलोमीटर असा माझा क्रम आहे. मागच्या महिन्यात एका वळणावर बारीक खडीवरून पुढचे चाक घसरले आणि मी उजव्या कुशीवर पडले. कोपर आणि गुडघा सोलवटला, डोकेही रस्त्यावर आपटले, पण हेल्मेट असल्यामुळे डोक्याला खरचटलेसुद्धा नाही. हेल्मेटवर वरून फक्त एक ओरखडा दिसत होता, त्यामुळे तेच वापरत राहावे असे मनात आले होते. घाम धुण्यासाठी आतल्या मऊ पट्ट्या काढल्या तेव्हा मात्र उजव्या कानाच्या वर, पांढऱ्या फोममध्ये, केसाएवढी बारीक चीर दिसली. दोन्ही अंगठ्यांनी किंचित दाबल्यावर ती उघडायची आणि सोडल्यावर पुन्हा मिटायची. त्या दिवसापासून ते हेल्मेट बाजूला ठेवले आहे आणि सायकलही बाहेर काढलेली नाही.

नव्या हेल्मेटसाठी मला बेताचीच रक्कम काढता येणार आहे, म्हणून तुमचा सल्ला हवा आहे. सध्या तीन पर्याय समोर आहेत. पहिले हेल्मेट एका नावाजलेल्या कंपनीचे सर्वांत स्वस्त मॉडेल असून वजन ३१० ग्रॅम आहे आणि आतल्या चिठ्ठीवर ईएन १०७८ हे युरोपीय मानक छापलेले आहे. दुसरे त्याच कंपनीचे आहे. त्यात मिप्सचे, म्हणजे तिरक्या माराने डोक्याला बसणारा पीळ कमी करणारे, पिवळे अस्तर आहे, हवेचे झरोके मोठे आहेत आणि किंमत पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. तिसरे एका ओळखीच्या सायकलपटूंनी देऊ केलेले, त्यांनी चार वर्षे वापरलेले हेल्मेट आहे. ते मुळात फार महागडे, वजनाला जेमतेम २२० ग्रॅम, आणि मला पहिल्याच्याच किमतीत मिळते आहे.

मला सर्वांत जास्त सतावणारी शंका वेगाची आहे. ईएन १०७८ च्या चाचणीत हेल्मेट सुमारे दीड मीटर उंचीवरून सपाट पृष्ठभागावर पाडतात, म्हणजे आपटतानाचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या आसपास भरतो, असे वाचनात आले. मी सपाट रस्त्यावर ताशी अठ्ठावीस-तीस किलोमीटरने जाते आणि उतारावर पंचेचाळीसपर्यंत पोहोचते. मग या चाचणीवर मी कितपत विसंबावे, आणि महाग हेल्मेट याहून जास्त वेगाचा मार सोसते का?

दुसरी अडचण मापाची आहे. माझ्या डोक्याचा घेर ५६ सेंटीमीटर आहे आणि पहिल्या हेल्मेटवर ५५ ते ५९ असे लिहिलेले आहे. असे असूनही ते घातल्यावर दोन्ही कानशिलांवर दाब येतो, कपाळापाशी मात्र बोट जाईल एवढी फट राहते. हेल्मेटच्या मागचे, माप आवळण्याचे चाक फिरवले की दाब आणखी वाढतो. हे सवयीने जुळून येते, की हेल्मेटच बदलायला हवे?

प्रतिसाद १

चीर दिसताच हेल्मेट बाजूला ठेवलेत, हे अगदी योग्य केलेत. तो पांढरा फोम थर्माकोलच्याच जातीचा, म्हणजे विस्तारित पॉलिस्टायरीनचा असतो, आणि त्याचे काम एकदाच चिरडले जाण्याचे असते. मार बसला की त्यातले हवेचे बारीक कप्पे दबतात आणि पुन्हा फुगत नाहीत. त्यामुळे चीर दिसली नसती तरी डोके आपटल्यानंतर ते हेल्मेट बदलावेच लागले असते.

वेगाच्या शंकेचे उत्तर जरा विस्ताराने देतो, कारण ही शंका फार जणांना असते. डोके रस्त्यावर आपटते तेव्हा त्याचा खाली जाण्याचा वेग मुख्यतः पडण्याच्या उंचीवर ठरतो. सायकलचा वेग पुढच्या दिशेने असतो. सायकलवर बसलेल्या माणसाचे डोके साधारण दीड मीटरच्या आसपास असते, म्हणून चाचणीची उंची वास्तवाला धरून आहे. थेट भिंतीवर, खांबावर किंवा मोटारीवर डोके आदळले तर मात्र हा हिशेब लागू पडत नाही, आणि तिथे कोणतेही सायकल हेल्मेट पुरेसे पडेल अशी खात्री देता येत नाही.

फोम नेमके काय करतो, तेही पाहा. दीड मीटरवरून पडलेले डोके दोन मिलिमीटरमध्ये थांबले तर त्याला गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी साडेसातशे पट मंदन (वेग कमी होण्याचा दर) सोसावे लागते; तेच दोन सेंटीमीटरमध्ये थांबले तर पंचाहत्तर पट. फोम चिरडला जातो तेव्हा आपल्याला हे जास्तीचे अंतर मिळते. प्रत्यक्ष चाचणीत मंदनाचा सर्वोच्च क्षण मोजतात आणि ईएन १०७८ नुसार तो २५० पटींच्या आत राहावा लागतो. अमेरिकेच्या सीपीएससी या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या मानकात, जे १९९९ पासून तिथे बंधनकारक आहे, सपाट पृष्ठभागावरची चाचणी २ मीटर उंचीवरून होते आणि मर्यादा ३०० पटींची असते. म्हणून दोन्ही मानकांचा उल्लेख असलेले हेल्मेट मिळाले तर मी ते आधी हातात घेईन.

हे उत्तीर्ण-अनुत्तीर्ण स्वरूपाचे मानक स्वस्त आणि महाग हेल्मेटला सारखेच लागू असते. जास्तीचे पैसे बहुतांशी कमी वजन, मोठे झरोके, हवेला कमी विरोध करणारा आकार आणि सुबक पट्टे यांसाठी मोजले जातात. मोठे झरोके ठेवून वजन कमी करायचे तर उरलेला फोम जास्त घट्ट करावा लागतो, आणि ते जमवणे खर्चिक असते. लांब चढांवर, भर उन्हात तीन-तीन तास घालवणाऱ्याला हवा खेळती राहण्याचे मोल कळते, ते मी नाकारत नाही. पण ९० ग्रॅमच्या फरकासाठी तुम्ही ओढाताण करावी असे मला वाटत नाही.

आता मिप्सविषयी. तुमचे चाक घसरले तेव्हा डोके खाली जात असतानाच पुढेही सरकत होते. अशा तिरक्या माराने डोक्याला पीळ बसतो, आणि मेंदूला होणाऱ्या इजेत या पिळाचा वाटा मोठा असतो. स्टॉकहोममधल्या केटीएच विद्यापीठातील संशोधनातून मिप्स आले. त्यातले पातळ अस्तर मार बसताना हेल्मेटला डोक्याभोवती १० ते १५ मिलिमीटर सरकू देते आणि पिळाचा जोर कमी करते. ईएन आणि सीपीएससी या मानकांच्या मूळ चाचण्यांत पीळ मोजला जात नाही, तो अमेरिकेतले व्हर्जिनिया टेक विद्यापीठ मोजते. त्यांनी २०१८ पासून सायकल हेल्मेटना तारे देऊन निकाल सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. त्यात गुण जितके कमी तितके हेल्मेट चांगले, हे लक्षात ठेवून वाचा. ती यादी वाचताना मला सर्वांत दिलासा वाटला तो असा की स्वस्त गटातल्या काही हेल्मेटनाही पाच तारे आहेत आणि त्यांच्यापेक्षा कितीतरी महागडी काही हेल्मेटे मागे आहेत. तुमच्या मनातली मॉडेले तिथे आहेत का, ते खरेदीआधी जरूर तपासा.

राहिला मापाचा प्रश्न, आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत तोच निर्णायक आहे. घेर म्हणजे केवळ एक आकडा. डोके लांबट आहे की गोल, हे त्यातून कळत नाही. कानशिलांवर दाब आणि कपाळापाशी फट, याचा अर्थ तुमचे डोके त्या साच्यापेक्षा गोल आहे. ही गोष्ट सवयीने सुधारत नाही. मागचे चाक आवळल्याने हेल्मेटचा आकार बदलत नाही, आणि जाड पट्ट्या लावून फट भरणे हा तात्पुरता इलाज ठरतो. दुखणारे हेल्मेट माणूस नकळत मागे सरकवून घालतो, आणि मग कपाळ उघडे पडते. त्याच कंपनीचे दुसरे मॉडेलही बहुधा त्याच साच्याचे असेल, म्हणून दुप्पट पैसे मोजण्याआधी ते घालून पाहाच. वेगळ्या कंपन्यांची दोन-तीन हेल्मेटेही डोक्यावर चढवून बघा.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. केवळ तिसऱ्या पर्यायाविषयी लिहितो. वापरलेले हेल्मेट देणारी व्यक्ती कितीही विश्वासू असली तरी ते घेऊ नका. ते कधी ओट्यावरून फरशीवर पडले, कधी उन्हात बंद गाडीच्या काचेखाली राहिले, याची आठवण मालकालाही नसते. शिवाय सीपीएससी स्वतः पाच ते दहा वर्षांत हेल्मेट बदलण्याचा सल्ला देते, म्हणजे चार वर्षे तुम्ही विकत घेण्याआधीच सरलेली आहेत.

आणखी एक काळजी घ्या. नावाजलेल्या महागड्या हेल्मेटच्या हुबेहूब नकला ऑनलाइन विकल्या जातात आणि त्यांच्यावर मानकाची चिठ्ठीसुद्धा चिकटवलेली असते. अस्सल महागड्या हेल्मेटची किंमत अविश्वसनीय वाटावी इतकी कमी दिसली तर त्या वाटेला जाऊ नका. खात्रीच्या विक्रेत्याकडचे साधे हेल्मेट त्यापेक्षा कितीतरी चांगले.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. तिसरा पर्याय मी सोडून दिला, आणि त्या सायकलपटूंनाही कारण समजावून सांगितले.

काल पुन्हा दुकानात जाऊन मिप्सचे हेल्मेट घातले. तुम्ही म्हणालात तसेच झाले, तोच दाब आणि तीच फट. मग वेगळ्या कंपन्यांची तीन हेल्मेटे पाहिली. त्यातले एक घालताच कपाळापासून मागेपर्यंत सगळीकडे सारखे टेकले. पट्टा न बांधता मी मान खाली घालून डोके हलवले तरी ते घसरले नाही. सायकलवर बसून हात खालच्या मुठींवर ठेवले आणि वर पाहिले, तेव्हा पुढची कड नजरेच्या आड आली नाही. वेणी घातल्यावर मागचे चाक वेणीवर येते का हेही पाहिले. ते वेणीच्या वरच राहते. त्यात ईएन १०७८ आणि सीपीएससी ही दोन्ही मानके नोंदलेली आहेत, वजन २९५ ग्रॅम आहे आणि किंमत पहिल्यापेक्षा थोडीशीच जास्त आहे. मिप्स मात्र नाही. एवढ्या एका कारणासाठी थांबून पैसे साठवावेत का?

प्रतिसाद १ चे लेखक

थांबू नका, हेच घ्या. नीट बसणारे साधे हेल्मेट हे दाबणाऱ्या मिप्सपेक्षा केव्हाही बरे. पुढे कधी याच साच्यात मिप्स परवडले तर तेव्हा बघता येईल.

घरी आणल्यावर पट्ट्यांसाठी पंधरा मिनिटे काढा, कारण दुकानातून आलेले पट्टे बहुतेक वेळा सैल असतात. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटांवर यावी. बाजूचे दोन पट्टे कानाच्या पाळीखाली, किंचित पुढे, एकत्र यावेत. हनुवटीखाली एक बोट जेमतेम शिरेल इतकेच ढिले ठेवा, आणि मग तोंड मोठे उघडून बघा. हेल्मेट डोक्यावर खाली ओढले गेल्याचे जाणवले पाहिजे. धुताना सौम्य साबण आणि पाणी एवढेच वापरा, थिनर किंवा रंग जवळ आणू नका, त्याने फोम आणि कवच दोन्ही कमकुवत होतात.

धागाकर्तीचा प्रतिसाद

हेल्मेट आज आणले. डाव्या बाजूचा पट्टा कानावरून जात होता, तो सरकवून पाळीखाली घेतला, आणि हनुवटीखालचा पट्टा चार वेळा कमी-जास्त करावा लागला. आता जांभई दिली की हेल्मेट खाली ओढले जाते आणि तोंड मिटले की जागेवर येते. जुन्या हेल्मेटचे पट्टे कापून टाकले आहेत, म्हणजे ते चुकूनही कोणी उचलून घालणार नाही.