ऑटोपायलट घेताना लांबी नको, वजन बघा
३४ फुटी जुन्या शिडाच्या बोटीला व्हील पायलट (चाकावर बसणारा, बोट आपोआप दिशेवर ठेवणारा ऑटोपायलट) पुरेल का असं विचारलंय, तर माझ्या मते फुटांवर जाऊच नका, वजन बघा. तेही ब्रोशरमधलं नाही, पाणी, डिझेल, नांगराची साखळी, सामान सगळं भरल्यावरचं, साधारण २० टक्के जास्त धरायचं आणि वर पायलट एक साइज मोठाच घ्यायचा. चाकावर बसणारा पट्ट्याचा ड्राइव्ह शांत पाण्यात छान चालतो पण मागून लाटा यायला लागल्या की दमतो, लांबच्या प्रवासाला डेकखालचा लिनियर ड्राइव्हच खरा (यात रॅम, म्हणजे मागेपुढे सरकणारा दांडा, सुकाणू ढकलतो), तो वेगळ्या टिलर आर्मने (सुकाणूच्या खांबावर बसवलेल्या आडव्या दांड्याने) थेट रडरला म्हणजे सुकाणूला जोडला तर स्टीअरिंगची केबल तुटली तरी बोट वळवता येते, हे फार मोलाचं आहे.

बसवताना पाया मजबूत हवा. माझा ड्राइव्ह आधी नुसत्या प्लायवूडवर होता, लॉकर उघडून बघितलं तर प्रत्येक लाटेला अख्खी फळी वाकत होती, शेवटी फायबरग्लासचे थर देऊन ती बोटीच्या मुख्य सांगाड्याला (हल) पक्की केली तेव्हा कुठे बोट सरळ जायला लागली. रॅम टोकाला आपटायच्या आधी रडर स्टॉप (सुकाणूला ठराविक कोनावर अडवणारा अडसर) लागलाच पाहिजे. पायलटचा कंपास हा स्पीकर, इंजिन, लोखंडापासून लांब, आणि वायर जाड.

पण खरेदीच्या आधी रडरच्या बेअरिंगमधला ढिलेपणा काढा हो. आणि शिडं ट्रिम करून (वाऱ्याप्रमाणे नीट लावून) चाक हाताला हलकं लागतंय ना ते बघा, जड असेल तर पायलट रात्रभर बॅटरी खात बसतो.